ऑनलाइन टाकलेले रुमाल

रुमाल टाकून जागा धरणं ही काही पुण्याची मक्तेदारी नाही. आमच्या अमरावतीच्या एसटी स्टँडवर मीसुद्धा खिडकीतून ओढणी फेकून जागा धरली आहे आणि त्या जागेवरून कचाकचा भांडलेही आहे. पण रुमाल संगणकावरसुद्धा टाकता आला पाहिजे, असा रीतसर ठराव करणारी माणसं मला लग्न होऊन पुण्यात आल्यावरच भेटली, आणि त्यांतले एक माझे सासरे होते.

सासरे बँकेतून निवृत्त झालेले आणि आमच्या पेठेतल्या एका छोट्या संगीत मंडळाचे कार्यवाह. मंडळ वर्षातून एकच मोठा कार्यक्रम करायचं, दिवाळी पहाटेचा. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून, पोटात दोन चकल्या ढकलून लोक अंधारातच गाणं ऐकायला हजर व्हायचे. सुटीच्या दिवशी माणसं इतक्या पहाटे आपणहून का उठतात, हे मला कधी कळलं नाही. मी हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला होते. नवरा त्याच्या कंपनीतर्फे अमेरिकेत ऑनसाइट गेला होता. ते दिवसच तसे होते. पेठेतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी ऑनसाइट असायचं आणि मागे राहिलेले त्याच्याशी फोनवर ओरडून बोलायचे.

त्या वर्षी मंडळात एकदम धांदल उडाली. कर्नाटकातले एक वृद्ध गायक आमच्या पहाटेला यायला तयार झाले होते. ‘यापुढे प्रवास नाही, हा शेवटचा,’ असं त्यांनी कळवलं होतं. सासऱ्यांनी त्यांना उभ्या आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, सासूबाईंना सायकलवर डबलसीट घेऊन जाऊन. त्यानंतर ते गायक जेव्हा जेव्हा पुण्यात आले तेव्हा काही ना काही आडवं आलं. एकदा बँकेचं ऑडिट, एकदा मुलाचा गोवर, एकदा स्वतःचं अपेंडिक्स.

‘या वेळी मेलो तरी ऐकणार,’ सासरे म्हणाले.

‘मेल्यावर कसं ऐकाल? आधी तिकीट काढा,’ सासूबाई म्हणाल्या.

तिकीट हाच तर घोळ होता. आदल्या वर्षी मंडळाची तिकिटं हॉलच्या फाटकाबाहेर काळ्या बाजारात विकली गेली होती. एक माणूस स्कूटरला टेकून ‘पहाट पाहिजे का, पहाट?’ असं कुजबुजत उभा होता म्हणे. सासऱ्यांना ते फार लागलं. बँकेत अफरातफरीचा छडा लावावा तसा त्यांनी तपास केला, तेव्हा कळलं की तिकिटं रांगेतून गेलीच नव्हती. ती समितीच्या फुकट पासांतून पाझरली होती. पास सभासदाकडून मेहुण्याला, मेहुण्याकडून त्याच्या साहेबाला, साहेबाकडून ड्रायव्हरला आणि ड्रायव्हरकडून स्कूटरला.

सासऱ्यांनी सभेत सगळे पास बंद करून टाकले. सभासदांचे, अध्यक्षांचे आणि स्वतःचाही. ‘यंदा तिकीट सगळ्यांना सारखंच मिळेल. इंटरनेटवर,’ त्यांनी जाहीर केलं. ‘आणि ते माझी सून करून देईल.’ सुनेला हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर कळलं.

मी आखलेली पद्धत साधी होती. पडद्यावर हॉल दिसेल, हवी ती खुर्ची निवडा, कार्डाने पैसे भरा, संपलं. मी ती समितीसमोर मांडली.

‘क्रेडिट कार्ड म्हणजे कर्जच ना?’ अध्यक्षांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि माझ्याकडे मी गृहपाठ विसरून आल्यासारखं बघायचे. ‘गाणं ऐकायला कर्ज काढायचं?’

‘आणि घरी कधी विचारायचं?’ हा प्रश्न माझ्या सासऱ्यांचा.

‘म्हणजे?’

‘अगं, माणूस खुर्ची बघेल. मग बायकोला विचारेल. मग बहिणीला फोन करेल, तिच्या नणंदेला यायचंय का ते बघेल. तोवर खुर्ची धरून ठेवायला नको? सभ्य माणूस घरी विचारल्याशिवाय पैसे भरत नाही.’

‘थोडक्यात, रुमाल टाकता आला पाहिजे,’ अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव झाला. कुणीही नुसतं नाव आणि फोन नंबर देऊन चार खुर्च्यांपर्यंत रुमाल टाकावेत. रुमाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहील. तेवढ्यात घरच्यांना विचारून, मंडळाच्या कार्यालयात रुमालाचा नंबर सांगून, रोख पैसे भरून तिकीट न्यावं.

‘अहो, पण फुकटात रुमाल टाकता आला तर सगळा हॉल रुमालांनीच भरेल,’ मी म्हटलं.

‘आपल्याकडे येणारा श्रोता तसा नाही,’ अध्यक्ष म्हणाले. पुण्यात या वाक्यानंतर चर्चा संपते.

मी रागारागात ते करून टाकलं. खुर्चीवर टिचकी मारली की तिच्यावर चौकटीचौकटीचा रुमाल पसरला जाई. हे मी निव्वळ खवचटपणाने केलं होतं, पण समितीला ते फार आवडलं. रुमाल इस्त्री केलेला दिसावा, एवढीच सूचना अध्यक्षांनी केली.

पडद्यावरच्या सूचना सासऱ्यांनी लिहून दिल्या. ‘आपण निवडलेली खुर्ची दुसऱ्याने आधीच निवडली आहे. लवकर उठत जावे.’ ‘फोन नंबर चुकला आहे. स्वतःचा नंबर पाठ नसल्यास घरी विचारावा.’ ‘चारपेक्षा अधिक रुमाल टाकता येणार नाहीत. नातेवाईक कमी करावेत.’ शेवटी निदान ‘धन्यवाद’ तरी घालू या, असं मी सुचवलं.

‘कशाबद्दल?’ त्यांनी खरोखरच न कळून विचारलं.

रविवारी सकाळी विक्री सुरू झाली. सासरे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी म्हटलं, ‘बाबा, तुमचा आणि आईंचा रुमाल आधी टाका.’

‘छे! कार्यवाहानेच पहिला रुमाल टाकला असं व्हायला नको. लोकांचं होऊ दे. तासाभराने टाकू.’

त्यांचा चहा निवायच्या आत हॉल भरला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नुसते इस्त्रीचे रुमाल. सासऱ्यांना आनंद झाला. तासाभराने, ठरल्याप्रमाणे, ते स्वतःच्या दोन खुर्च्या धरायला बसले. कुठेही टिचकी मारली तरी पडदा त्यांना एकच सांगत होता, लवकर उठत जावे. सासूबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. त्या पिशवी घेऊन मंडईत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात पैसे भरायला रांग लागली. मी सुटी काढून सासऱ्यांच्या शेजारी टेबलाशी बसले होते. रांगेतल्या एका गृहस्थांना बायकोने नाही म्हटलं होतं, तर त्यांचा रुमाल मेहुणीच्या नावावर करून हवा होता. एका बाईंना आपल्या खुर्चीपुढे कोण बसणार आणि तो किती उंच आहे, हे आधी कळायला हवं होतं. सासरे एकेकाला वाटेला लावत होते. तेवढ्यात रांगेतून सासूबाई पुढे आल्या. घरातल्या माणसासारख्या बाजूने नाही, रीतसर रांगेत उभ्या राहून. खांद्याला मंडईची पिशवी होती आणि तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांनी रुमालाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

सासऱ्यांनी नंबर पाहिला, पडद्यावरचं नाव पाहिलं. ‘हे कोण?’

‘मला काय माहीत? मी विकत घेतलाय.’

‘कुणाकडून?’

‘मंडईबाहेर एक माणूस विकतोय. स्कूटर आहे त्याची. मेथी घेतली, रुमाल घेतला. दोन आहेत, चौथ्या रांगेतले. हे घ्या पैसे आणि द्या तिकिटं.’

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. एवढ्यात मागचे गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, ‘तुम्हाला चौथी रांग दिली? मला म्हणाला, फक्त दहावी उरलीय!’ त्यांच्यामागून आणखी कुणीतरी ‘कितीला दिला?’ असं विचारलं, आणि पाहता पाहता सगळी रांग एकमेकांच्या चिठ्ठ्या ताडून बघायला लागली. अर्धीअधिक मंडळी मंडईबाहेरूनच आली होती. एका आजोबांना तर काळा बाजार झाल्याचं दुःख नव्हतंच. आपल्याला घासाघीस करता आली नाही, एवढ्याचंच होतं.

मी संगणकात शोधलं. आदल्या दिवशी सकाळी कात्रजच्या एका सायबर कॅफेतून एकाच आडनावाच्या असंख्य कुटुंबांना अचानक शास्त्रीय संगीताची ओढ लागली होती. त्यांचे फोन नंबरही एकमेकांचे सख्खे भाऊ शोभतील असे होते.

सासरे उभे राहिले. सगळी विक्री रद्द, असं त्यांनी सांगितलं. मग ती चिठ्ठी उचलून सासूबाईंच्या पिशवीत मेथीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘कार्यवाहाच्या घरात काळ्या बाजाराचं तिकीट यायचं नाही.’

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते दोन रुमाल कुणासाठी घेतले होते, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं होतं. पण त्या वळल्या आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला आणि त्यांच्यामधली टेलिफोन लाइन मी झाले. ‘यांना म्हणावं, मीठ शेजारीच आहे.’ ‘तिला सांग, दिसतंय मला.’ मी मधोमध बसून जेवायची.

विक्री नव्याने करायची ठरली. नवऱ्याने अमेरिकेतून सल्ला दिला की वेडीवाकडी अक्षरं दाखवून ती ओळखायला लाव, म्हणजे खोटे अर्ज कमी होतील. सासरे म्हणाले, ‘आपल्या सभासदांना सरळ अक्षरं दिसत नाहीत.’ शेवटी या वेळी समितीने माझं ऐकलं. एका माणसाचा एकच अर्ज, स्वतःच्या नावाने. अर्जांतून सोडत. तिकिटावर नाव छापलेलं, आणि हॉलवर फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. सासऱ्यांनी त्यात स्वतःची भर घातली. तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही, आणि ज्याचं तिकीट तो आला नाही तर खुर्ची रिकामी राहील.

‘म्हणजे नवरा-बायकोंनीसुद्धा वेगवेगळे अर्ज करायचे? वेगवेगळं बसायचं?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘घरी बसतातच की,’ सासरे म्हणाले.

सोडत सर्वांसमोर झाली, कारण संगणक कार्यवाहांच्या सुनेचा आहे, अशी शंका दोघातिघांनी बोलून दाखवली होती. अध्यक्षांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी थेट कीबोर्डवर सांडलं. एंटरचं बटण चिकटलं. मग ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणत त्यांनी ते घंटा बडवावी तसं बडवलं आणि नावं एकदाची पडद्यावर आली.

सासूबाईंचं नाव होतं. पाचवी रांग. सासऱ्यांचं नव्हतं.

त्यांना स्वतःचं नाव तीन वेळा वरून खालपर्यंत शोधताना मी पाहिलं. घरी आल्यावर मी हळूच म्हटलं, ‘बाबा, एक जादा खुर्ची मला तुमच्या नावावर दाखवता येईल. एवढं सगळं तुम्ही केलंत. कुणाचं काही जाणार नाही.’

‘मग तो स्कूटरवाला काय वाईट होता?’

रागावले की माझं वऱ्हाडी बाहेर येतं. ‘अन् मंग बसा घरी नियम ऐकत!’ मी ओरडले. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, ‘अगदी बरोबर सांगितलंस त्यांना.’ मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता, आणि त्याच्यासाठी इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या पहाटे सासरे हॉलच्या दारात स्टुलावर बसले. मी शेजारी यादी घेऊन उभी. त्यांनी प्रत्येकाचा फोटो चष्मा वर-खाली करून तपासला. अध्यक्ष सिल्कचा कुडता घालून आले, ओळखपत्र घरी विसरून.

‘अहो, तुम्ही मला ओळखत नाही?’

‘ओळखतो. म्हणूनच म्हणतो, घेऊन या.’

अध्यक्ष रिक्षा करून घरी गेले आणि परत आले. सासूबाई आल्या त्या मोतिया रंगाची साडी नेसून. त्यांनी निवडणुकीचं ओळखपत्र पुढे धरलं. त्यावरच्या फोटोत कुणीही असू शकलं असतं.

‘फोटो जुळत नाही, असं सांग हिला,’ सासरे मला म्हणाले.

‘सांग यांना, चाळीस वर्षं रोज बघतायत, तरी कळत नसेल तर डोळे तपासा.’

सासऱ्यांनी तिकिटावर खूण केली आणि त्या आत गेल्या.

गाणं सुरू झालं आणि दार बंद झालं. हॉल वातानुकूलित होता आणि दार चांगलं जाडजूड. बाहेर फक्त एक घूं घूं आवाज येत होता, शेजाऱ्यांकडे मिक्सर चालू असावा तसा. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि कान दाराकडे केला. मध्येच त्यांचा हात दाद द्यायला वर जाई आणि तसाच खाली येई, कारण पुढचा सूर बाहेर पोहोचतच नसे. मला ते बघवेना. मी यादीतली नावं उगाचच परत वाचायला लागले.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागे ते आपोआप बंद झालं.

‘यांना म्हणावं, माझी खुर्ची रिकामी झाली आहे. जाऊन बसा.’

‘तिला सांग, ज्याचं तिकीट त्याचीच खुर्ची.’

सासूबाईंनी खोल श्वास घेतला. ‘यांना विचार, दाराबद्दल नियम काय आहे?’

सासरे विचारात पडले. नियम त्यांनीच केलेले. ते बोटांवर मोजायला लागले. ओळखपत्र. अदलाबदल. परतावा. मोबाइल. लहान मुलं. खोकला. खोकल्याबद्दलही नियम होता. ‘दाराबद्दल काही नाही,’ ते म्हणाले.

‘मग झालं,’ असं म्हणून सासूबाईंनी दार सताड उघडलं आणि ते बंद होऊ नये म्हणून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

गाणं एकदम बाहेर आलं. मला रागातलं ओ की ठो कळत नाही. पण तो म्हातारा आवाज मध्येच थकत होता, थोडं थांबत होता आणि परत वर चढत होता, एवढं मलाही कळलं. सासरे स्टुलावर ताठ बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

आतून आरडाओरडा सुरू झाला. ‘दार लावा!’ ‘एसी बाहेर चाललाय!’ शुक शुक झालं, माना वळल्या. शेवटी अध्यक्ष उठून आले. ‘वहिनी, अहो, ते दार…’

‘नियमात नाही,’ सासूबाई म्हणाल्या.

नियम हा शब्द ऐकताच अध्यक्ष आल्या पावली परत गेले.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी वाकून गुडघ्यावर हात दाबून धरला. सासरे उठले. ‘अगं, तू बस,’ ते म्हणाले. मला नाही, त्यांना. ‘मी धरतो दार.’

‘तुम्हाला नीट ऐकू येईल ना?’

‘येईल.’

सासूबाई स्टुलावर बसल्या आणि सासरे दाराला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहिले. उशिरा आलेली माणसं अजून जिना चढून येत होती. एकाने तिकीट आणि ओळखपत्र पुढे धरलं. सासऱ्यांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं आणि अंग चोरून त्याला वाट दिली. त्याच्यामागून आणखी काही जण आले आणि पाय न वाजवता तसेच आत गेले. त्यांच्यापैकी कुणाकडे तिकीट होतं आणि कुणाकडे नव्हतं, मला सांगता येणार नाही. यादी माझ्या हातात होती, पण मीही ऐकत होते.